उदगीर जिल्ह्याचं पिनोसेम्ब्रिन

उदगीर जिल्हा व्हावा असं मला फार आतून वाटत होतं अशातला भाग नाही. मी एकतीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. जिल्हा कोणताही असो, पाणी शंभर अंशालाच उकळतं, एवढंच मला ठाऊक होतं. (समुद्रसपाटीपासूनच्या उंचीनं थोडा फरक पडतो, पण तो जिल्हा बदलल्यानं पडत नाही.) मात्र निवृत्त माणसाला संध्याकाळी सहा ते आठ कुठं तरी बसावं लागतं, आणि त्या उन्हाळ्यात इन्व्हर्टरवर पंखा चालणारी एकच सार्वजनिक जागा आमच्या भागात होती, ती म्हणजे जिल्हा कृती समितीचं कार्यालय. म्हणून मी सभासद झालो.

समितीचे अध्यक्ष वसंतराव वकील. पाऊस दोन वर्षं रुसलेला, नळ पंधरवड्यातून एकदा ठसकणार, आणि गावाला त्याच वर्षी नव्या जिल्ह्याचे वेध लागलेले. वसंतरावांचं म्हणणं असं की दुष्काळात मागणी लावून धरलेली बरी, कारण सरकारला तसंही काही तरी द्यायचंच असतं. एका संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना विचारलं, की अर्धापूर म्हटलं की केळी, माहूर म्हटलं की रेणुकामाता, तसं उदगीर म्हटलं की काय? कुणी किल्ला म्हणालं, कुणी मोंढा, एकानं रेल्वे स्टेशन सांगितलं. वसंतरावांनी तिघांनाही उलटतपासणीत उडवलं. लातूरकडे आणि नांदेडकडे नाही असं काही सांगा म्हणाले. सगळे पंख्याकडे बघत बसले.

मी दोनच दिवसांपूर्वी एका नियतकालिकात मधावरचा एक लेख वाचला होता. तो माझ्या पोटात तसाच होता. मी उभा राहिलो आणि म्हणालो, मधात पिनोसेम्ब्रिन असतं.

एकतीस वर्षांत माझा एकही वर्ग इतका शांत झाला नव्हता. मग मी समजावून सांगितलं. वनस्पतींमध्ये फ्लेव्होनॉइड नावाच्या संयुगांचं मोठं कुटुंब असतं, पिनोसेम्ब्रिन हे त्यातलंच एक. फुलझाडांतून ते माशीबरोबर मधात येतं. आपल्या शरीरात हळूहळू गंज चढल्यासारखी एक क्रिया चालू असते, तिला आवर घालणारे जे पदार्थ, त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात, आणि हे त्यांच्यापैकी आहे. वसंतरावांनी विचारलं, हे आपल्या मधात हाय का? मी म्हणालो, ते आपल्या भागातल्या फुलांवर अवलंबून आहे, तपासल्याशिवाय मी बोलणार नाही.

हे वाक्य मी फार जपून बोललो होतो. दुसऱ्या दिवशी इतिवृत्तात ते असं उतरलं: 'उदगीरच्या मधात पिनोसेम्ब्रिन असल्याचे रेणुकादास सरांनी शास्त्रीयदृष्ट्या सांगितले.' खाली अकरा सह्या, त्यातली एक माझीच, कारण मी न वाचता केली होती. न तपासता वाक्य न बोलणारा माणूस ही माझी आयुष्यभराची एकुलती एक कमाई. मुलं मला चक्रम म्हणायची, पण खोटा कुणी म्हणत नसे. आता ते पिनोसेम्ब्रिन मधात सापडलं नाही तर ती कमाई जाणार होती.

उदगीरला मध बनतो का, हा प्रश्न त्या सभेत कुणालाच पडला नाही. तो मला घरी गेल्यावर पडला.

मधपेटी मिळायला वेळ लागला नाही. एका सरकारी योजनेतल्या पेट्या दुष्काळामुळे कुणी नेत नव्हतं, त्यामुळे मी अर्ज केल्यावर तिथले साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. पेटी घेऊन आलेल्या माणसानं ती आमच्या गच्चीवर ठेवली, चारी दिशांना नजर टाकली आणि म्हणाला की फुलं कुठंच न्हाईत सर, सातेरी माशी हाय, उपाशी ऱ्हायली की आठ दिवसांत पेटी सोडून जाती. मी त्याला म्हटलं, बघू. तो माझी सही घेऊन गेला.

शेजारधर्म म्हणून मी आधी बसलिंगप्पांना सांगितलं. त्यांचं मोंढ्यात आडतीचं दुकान, आणि त्यांची गच्ची आमच्या गच्चीला चिकटून. त्यांनी सल्ला दिला की पेटीचं तोंड आमच्याकडं करू नका. त्यांच्या आई गौरम्मा ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी विचारलं, 'मास्तर, ही जित्राबं खात्यात काय?' मी सांगितलं, फुलांतला रस. 'आन् फुलं न्हाईत तर?' मी म्हणालो, निसर्ग आपली व्यवस्था करतो. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, जसं शिकलेल्या माणसांकडं त्या नेहमी बघतात. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्यांचा दासोह. दारात आलेला जेवल्याशिवाय परत जायचा नाही, मग तो जंगम असो नाही तर वीजबिल घेऊन आलेला माणूस.

समोरच्या सुमनबाईंचा सल्ला असा नव्हता, ती सूचना होती. माश्यांना तहान लागली की त्या टँकरच्या ओल्या नळीवर, घागरींच्या काठावर येऊन बसत. तिसऱ्याच दिवशी रांगेत एक माशी सुमनबाईंच्या ओठाला चावली. त्या सुजलेल्या ओठानं तडक आमच्या ओट्यावर आल्या आणि म्हणाल्या, पेटी काढा न्हाई तर मी काढते. मी सोडा लावायला सांगितला आणि त्याचं कारणही सांगितलं. त्यांनी चुना लावला आणि त्यांना बरं वाटलं. त्यानंतर महिनाभर गल्लीत मी दिसलो की बायका तोंडावर पदर घेत, आणि तो आदरानं नव्हता.

पण आठ दिवस झाले, पंधरा झाले, माश्या काही गेल्या नाहीत. उलट वाढल्या. पेटीवर हात ठेवला की आतून गिरणीसारखा आवाज यायचा. पोळं इतकं भरलं की झाकण बसेना. आसपास दहा कोसांत हिरवं म्हणून जे होतं ते एस.टी.च्या सीटचं कापड, आणि माझ्या पेटीत मध मावत नव्हता. याचं श्रेय मी कुणाला दिलं असेल हे सांगायला नको. मी समितीत एक छोटं भाषणही केलं. त्यात योग्य हाताळणी हा शब्द चार वेळा आला. सौदामिनी, म्हणजे आमची ही, तेव्हा एवढंच म्हणाली की घरात मुंग्या फार झाल्यात, साखर टिकत नाही. मी तिला बोरिक पावडरचा उपाय सांगितला.

एप्रिलच्या सुरुवातीला सव्वादोन किलो मध निघाला. रंगानं जरा फिका होता, पण मी त्याला सौम्य म्हणालो.

आता तपासणी. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेनं कळवलं की नमुन्यासोबत मध कुठला आहे याचा दाखला हवा. म्हणून मी तलाठ्यांकडे गेलो. शेषेराव तलाठी दुष्काळाच्या याद्यांत बुडालेले होते. त्यांनी अर्ज वाचला आणि पेन खाली ठेवलं. म्हणाले, 'सर, पिकांची पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली दाखवून राहिलोत आपण. पीक न्हाई, गवत न्हाई असा पंचनामा हाय. आन् तुमी म्हणता सव्वादोन किलो मध. उद्या वरून विचारलं, फुलं कुठून आली, तर मी काय सांगू?'

मी त्यांना सांगितलं की हा शास्त्राचा विषय आहे आणि महसूल खात्याला तो समजणार नाही. आज विचार केला तर त्या संपूर्ण प्रकरणात शास्त्रीय प्रश्न विचारणारा एकच माणूस होता आणि त्याला मी उठून गप्प केलं. शेवटी शेषेरावांनी दाखला दिला, पण असा: 'सदर मध अर्जदाराच्या गच्चीवर आढळून आला. तो तेथे कसा आला याबाबत हे कार्यालय अनभिज्ञ आहे.' आणि गोल शिक्का.

पोस्टात पातळ पदार्थ घेईनात. बसच्या पार्सलवाल्यानं बाटली उलटी करून बघितली आणि नको म्हणाला. बसलिंगप्पा तुरीच्या व्यवहारासाठी हैदराबादला निघाले होते, त्यांनी ती स्वतः नेली. लाखेचं सील लावलेली बाटली त्यांनी गाडीत रात्रभर मांडीवर धरून ठेवली. आल्यावर म्हणाले, डब्यात सगळ्यांनी विचारलं, अस्थी हायत काय? हाव म्हणलो, जागा लई चांगली भेटली.

इकडे वसंतरावांची तयारी वेगानं चालली होती. वरून एक मोठे साहेब दुष्काळाची पाहणी करायला येणार होते, त्यांनाच भर सभेत जिल्ह्याचं निवेदन द्यायचं ठरलं. निवेदनाला तीन परिशिष्टं. अ म्हणजे लोकसंख्या, ब म्हणजे अंतरं, आणि ग म्हणजे मी. (क आणि ख कुठं गेले ते मी विचारलं, तर वसंतराव म्हणाले ते राखीव ठेवलेत.) प्रयोगशाळेला दोन प्रती मागितल्या होत्या. एक मला, एक सीलबंद समितीला. ती सीलबंद प्रत व्यासपीठावर साहेबांच्याच हातून उघडायची, कारण पुरावा असाच दाखल करतात म्हणे. मंडपाच्या कमानीवर लिहून झालं होतं, 'पिनोसेम्ब्रिनयुक्त उदगीर आपले स्वागत करीत आहे.' रंगाऱ्यानं त्या शब्दाचे जादा पैसे घेतले.

माझी प्रत सभेच्या दिवशीच सकाळी आली. कुरिअरवाला गल्लीत शिरला हे सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे मी पाकीट फोडेपर्यंत ओट्यावर माणसं जमली. बसलिंगप्पा, त्यांच्या आई, सुमनबाई, आणखी पाचसहा जण. मी चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. ओलावा इतका, आम्लता इतकी. मग पिनोसेम्ब्रिन: आढळले नाही. बाकी कोणतंही फ्लेव्होनॉइड: नगण्य. शेरा: नमुना मुख्यतः उसाच्या साखरेच्या पाकाचा असून हा नैसर्गिक मध नव्हे.

मी तो कागद तीनदा वाचला. प्रयोगशाळेची चूक, बाटली बदलली, बसलिंगप्पांनी गाडीत काही तरी केलं, असं मी एकामागून एक बोलत गेलो. संध्याकाळी चार वाजता हाच कागद हजार माणसांसमोर उघडणार होता आणि मी भेसळ केली असं सगळं गाव म्हणणार होतं.

तेवढ्यात गौरम्मा म्हणाल्या, 'मास्तर, साखर मी घातली.'

त्यांनी अगदी सरळ सांगितलं. रोज सकाळी पूजा झाली की त्या कठड्यावर ताटलीत साखरेचं पाणी ठेवायच्या. दारात आलेलं उपाशी कसं घालवावं, म्हणाल्या. मी काही बोलायच्या आत आतून सौदामिनी आली. ती दुपारी ठेवायची, मी झोपलो की. मुंग्या नव्हत्याच. मग सुमनबाई फार ठामपणे म्हणाल्या की मी काही साखर घातली न्हाई. थोडं थांबून म्हणाल्या, गुळाचं पाणी घातलं. मी त्यांच्या ओठाकडे बघितलं. 'चावली म्हणून काय झालं सर, तहानलेलं होतं ते.' बसलिंगप्पा सारखे माळवदाकडे बघत होते. त्यांच्या आईनं नाव घेतल्यावर त्यांनी कबूल केलं की गोदामाच्या पत्र्यावर एक परात आहे, फुटका गूळ तसाही विकला जात नव्हता. अशा सात ताटल्या आणि एक परात निघाली. प्रत्येकाला वाटत होतं की हे पाप आपण एकटेच करतो.

मला राग आला, आणि तो खोटा राग नव्हता. प्रयोगाचं वाटोळं करायला जितकी माणसं लागतात त्याच्या आठपट माणसं लागली होती. पण राग पुरता चढेना, कारण मधेच दुसरंच एक गणित डोक्यात शिरलं. त्या महिन्यात आमच्या गल्लीत कुणी कुणाकडे तांब्याभर पाणी मागत नव्हतं. मागणाऱ्याला लाज वाटायची आणि नाही म्हणणाऱ्याला त्याहून जास्त. माणशी दोन घागरी यायच्या. भांडी राखेनं घासायची, अंघोळ दोन दिवसांआड. त्यातून ही माणसं दररोज चोरून ताटलीभर पाणी गच्चीवर ठेवत होती, आणि तेही माझ्यावर उपकार म्हणून नाही, माझ्या माश्यांवर.

मी म्हणालो, ठीक आहे, सभेत मी हे जसंच्या तसं सांगतो. माझं शास्त्र चुकलेलं नाही, फुलंच नव्हती, लोकांनी पाक पाजला. माझं नाव त्यानं स्वच्छ राहील.

बसलिंगप्पांनी माझा हात धरला. 'सर, तेवढं सांगू नका. साहेब पाण्याचंच बघायला येऊन राहिलेत. गल्लीत माश्यांना पाजायला पाणी हाय म्हणलं की टँकरची खेप गेली.' मी म्हणालो, असं कोणी करत नाही.

चार वाजता मंडपात साहेब आले. निवेदनाआधी त्यांनी पाण्याचा विषय घेतला. किल्ल्याकडच्या एका वस्तीत कुणी तरी मोटारसायकल धुतलेली त्यांनी येताना डोळ्यांनी पाहिली होती, म्हणून त्या वस्तीची एक खेप उद्यापासून कमी, असं त्यांनी तिथंच जाहीर केलं. शेजारी बसलेल्या कारकुनानं लिहून घेतलं. टाळ्या वाजल्या, त्या वस्तीचे लोक सोडून. मी मागं वळून तिसऱ्या रांगेत पाहिलं. गौरम्मा खुर्चीत मांडी घालून बसल्या होत्या. सुमनबाई शेजारी. दोघी माझ्याकडेच बघत होत्या.

मी पाकीट उघडू नका हे सांगायला व्यासपीठाकडे गेलो, तर वसंतरावांना वाटलं मी उतावीळ झालो. त्यांनी मला हाताला धरून खुर्चीत बसवलं, माझी ओळख करून दिली, माझ्या सत्यनिष्ठेवर पाच मिनिटं बोलले आणि पाकीट साहेबांच्या हाती दिलं. साहेबांनी सील फोडलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग माइकवरच म्हणाले की हा मध नाही, साखरेचा पाक आहे. वसंतरावांचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी सांगत नाही, ते अजून वकिली करतात.

साहेब माझ्याकडे वळले. 'एवढा पाक आला कुठून? पाक करायला पाणी लागतं. कुणाच्या घरी आहे एवढं पाणी?'

माझं वाक्य तयार होतं, सकाळपासून घोटलेलं, शास्त्रीय, संपूर्ण खरं. मी उभा राहिलो आणि माइक पुढे ओढला.

'साखर मी घातली,' मी म्हणालो. 'बाटली भरताना.'

'आणि पाणी?'

'पाणी लागलं नाही. मधात ओलावा असतो, त्यात कोरडी साखर विरघळते. पाण्याचा थेंब वापरला नाही, साहेब. गल्लीत पाणी आहे कुठं?'

हे रसायनशास्त्राच्या दृष्टीनं धादांत खोटं होतं. इतकी साखर इतक्या ओलाव्यात विरघळत नाही, हे अकरावीचा मुलगाही सांगेल. साहेबांनी मान डोलावली. कारकुनानं माझं पूर्ण नाव, वय, आणि पुढं 'निवृत्त प्राध्यापक, रसायनशास्त्र' असं लिहून घेतलं. वसंतराव माइकवर म्हणाले की समितीचा या इसमाशी संबंध नाही. मागून कुणी तरी ओरडलं, 'सर, पिनो!' आणि मंडप हसला. माझ्याच एखाद्या विद्यार्थ्याचा आवाज असावा, कारण नाव बरोबर उच्चारलं होतं. निवेदन परिशिष्ट ग वगळून स्वीकारण्यात आलं. आमच्या गल्लीच्या खेपेचा विषय निघालाच नाही.

मी खाली उतरलो तेव्हा वाट करून देणाऱ्यांनी जरा जास्तच मोठी वाट करून दिली. कमानीखालून बाहेर पडलो. सौदामिनी माझ्याबरोबर चालत होती. कोपरा आला. मी म्हणालो, एकतीस वर्षं गेली. ती म्हणाली, 'हो.' तिनं समजूत घातली नाही याचं मला बरं वाटलं. थोडं पुढं गेल्यावर ती म्हणाली, 'घरात साखर संपलीय.'

मोंढ्याच्या तोंडाशी रेवणप्पांचं किराणा दुकान. बातमी आमच्याआधी पोचली होती, कारण गल्ल्यावरच्या रेवणप्पांनी मला बघताच हसू दाबलं आणि दुकानातली चार गिऱ्हाइकं आपापल्या याद्या विसरून उभी राहिली. साखर म्हटल्यावर एकानं तोंड फिरवलं. रेवणप्पांनी तराजूला हात घालत अगदी नम्रपणे विचारलं, 'किती देऊ, सर?'

मी घरासाठी नेहमी एक किलो नेतो.

'पाच द्या,' मी म्हणालो. पावसाला अजून दीड महिना होता.